चढ बसने, उतार सायकलने: आदिजेच्या खोऱ्याबद्दल तुमची पत्रं

मागच्या अंकात आल्प्समधल्या आदिजे नदीच्या काठाने जाणाऱ्या सायकलवाटेबद्दल मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्यात पंक्चर, चेन आणि गुडघेदुखी यांना सुट्टी. जवळजवळ सगळी उत्तरं एकाच खोऱ्यातली.

ताई, वय 63. सायकलने महेश्वरला जाऊन आलो आहे. परतताना जामचा घाट मात्र सायकल टेम्पोत टाकून चढलो. अशा माणसाने आल्प्सचं स्वप्न बघावं का? (एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

बघावं. आणि टेम्पोचं एवढं मनाला लावून घेऊ नका. तिकडे बसच्या मागे सायकली अडकवून खिंडीत उतरणारे आजी-आजोबा बघाल, तेव्हा तुमचा संकोच आपोआप जाईल. आल्प्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरच्या शर्यती येतात, घाटात धापा टाकणारी काटकुळी पोरं येतात. ती खिंडींची सायकलिंग. खोऱ्यातली वाट वेगळी असते. ती नदीला धरून चालते, आणि नदी कधी चढत नाही.

तुम्हाला सुचवते ती वाट रोमन लोकांची आहे. व्हिया क्लाउडिया ऑगस्टा हे तिचं नाव. सम्राट क्लॉडियसच्या काळात, इ. स. 46-47 मध्ये, हा रस्ता पुरा झाला. आज त्याच नावाने सायकलवाट आखलेली आहे. ती जर्मनीत डॅन्यूबच्या काठी सुरू होते, पण तुम्ही तिथून निघू नका. इन्सब्रुकहून आगगाडीने लँडेकला या. हे गाव 816 मीटरवर, इन नदीच्या काठी. इथून इनच्या उलट दिशेने हळूहळू वर जायचं. पुढे फिन्स्टरम्युन्झची घळ लागते. तिथला हमरस्ता ट्रक आणि गाड्यांनी भरलेला, वर कड्यांखालच्या बोगदेवजा कमानी. सायकलवाले त्या वाटेला जात नाहीत. ते नदी सोडत नाहीत, आणि मार्टिना नावाच्या स्विस खेड्यात पोचतात.

मार्टिनापासून खरा चढ. नागमोडी 11 वळणं, 1035 मीटरवरून 1405 मीटरपर्यंत. एवढंच. मंडलेश्वरकडून जामचा घाट बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, उलट झाडीतून जाणारा, एकसारख्या चढाचा रस्ता बघून बरंच वाटेल. आणि नसेलच चढायचं, तर लँडेकहून नाउडर्सपर्यंत बस आहे. उन्हाळ्यात सायकली घेणाऱ्या गाड्याही सुटतात. त्यांत सायकलींच्या जागा मोजक्या असतात, म्हणून आदल्या दिवशी विचारून ठेवा. नाउडर्सहून रेशनची खिंड, 1504 मीटर, जवळजवळ हाताशीच.

खिंड ओलांडली की इटली, आणि इथेच कुठेतरी आदिजे जन्म घेते. तिथले जर्मन बोलणारे लोक तिला एट्श म्हणतात. 410 किलोमीटर वाहून ती व्हेनिसच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. इटलीतली दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी. तुम्ही तिच्याबरोबर खाली यायचं. रेशन ते मेरान ऐंशीच्या वर किलोमीटर आणि सुमारे 1200 मीटरचा उतार. धडधाकट माणूस हे एका दिवसात उरकतो. तुम्ही दोन दिवस घ्या, जमलं तर तीन. ग्लुर्न्स हे तटबंदीच्या आतलं एवढंसं गाव सकाळी नऊला बघायचं असतं, घाईत नाही. लाअसला पांढऱ्या संगमरवराच्या खाणी आहेत. गावातल्या पायवाटेच्या फरश्यासुद्धा त्याच दगडाच्या. आणि मग सफरचंदाच्या बागा, मेरानपर्यंत संपतच नाहीत.

मेरान 325 मीटरवर. तिथून बोल्झानो तीसेक किलोमीटर, सपाट. बोल्झानोत एक दिवस मुक्काम कराच: 1991 साली बर्फात सापडलेला पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, ओट्झी, तिथल्या संग्रहालयात ठेवला आहे. त्याचे गवत भरलेले जोडे बघून आपल्या सॅडलबॅगेतल्या सामानाचा फार अभिमान वाटेनासा होतो. पुढे त्रेंतो, साठ-पासष्ट किलोमीटर, बरीचशी वाट नदीच्या बांधावरून. त्यापुढे व्हेरोना शंभरेक किलोमीटर. पण त्रेंतोनंतर नदीकाठ आणि बांध यांनी मन भरलेलं असतं. मी म्हणेन, रोवेरेतोच्या खाली मोरीपाशी उजवीकडे वळा, 287 मीटरची चिमुकली सान जोव्हान्नी खिंड ओलांडा आणि गार्डा सरोवराच्या काठी तोर्बोलेला उतरा. खिंडीच्या पलीकडे वळण घेताच सरोवर एकदम समोर येतं. व्हेरोना तिथून आगगाडीने बघता येतं. मोरी किंवा रोवेरेतोला परत या, झालं.

वरून खाली यायचं म्हणजे पायडल मारायलाच नको ना? आणि जायचं कधी? (एक वाचक, अलकापुरी, वडोदरा)

पायडल मारावंच लागेल, आणि दुपारी जरा जास्तच. कारण वारा. ऊन चढलं की डोंगराच्या उतारांवरची हवा तापून वर जाते, तिची जागा घ्यायला खालच्या मैदानातून हवा खोऱ्यात शिरते. म्हणून दुपारी वारा खालून वर वाहतो. म्हणजे उतरणाऱ्याच्या थेट तोंडावर. रात्री उलटं. गार्डाच्या बाजूने दुपारी येणाऱ्या अशा वाऱ्याला तिथे ओरा म्हणतात. तोर्बोलेचे शिडाच्या फळ्यांवर उभे राहणारे लोक त्याची वाट बघत बसतात आणि सायकलवाले त्याला शिव्या देतात. यावर एकच इलाज: सकाळी सातला निघा, एकपर्यंत मुक्कामी पोचा. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात सायकल चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

शिवाय खोऱ्याचा उतार एकसारखा नाही. रेशनच्या सरोवरांच्या खाली मालसेर हायडेचं पठार आहे, तिथे रस्ता झपकन खाली जातो. मग कित्येक किलोमीटर सपाट, मध्ये मध्ये छोटे चढही. मेरानच्या आधी टोलपाशी पुन्हा एक पायरी, वळणावळणाने. हे दोन उतार सोडले तर पाय चालवायचेच आहेत.

काळ: मे ते ऑक्टोबरची सुरुवात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात खिंडीत गारठा असतो, कधी बर्फही. जून उत्तम. ऑगस्ट टाळा, 15 ऑगस्टच्या आगेमागे सगळी इटली सुट्टीवर असते आणि खोलीचे भाव ऐकून आपला स्वातंत्र्यदिन फिका पडतो. माझी निवड सप्टेंबरचा उत्तरार्ध: सफरचंदांची तोडणी चालू असते, बागेच्या दारात पेट्या रचलेल्या असतात. युरोपीय संघातल्या दर दहा सफरचंदांमागे जवळपास एक या एका दक्षिण टिरोल प्रांतातलं असतं. तोडू मात्र नका. वाटेवर मांडून ठेवलेली विकत मिळतात.

आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी. ठेपले-चिवड्यावर किती दिवस काढायचे? (एक वाचिका, सुदामानगर, इंदूर)

चार दिवसांची सेव नेलीच पाहिजे, ती माझ्या बॅगेतही असते, पण उपाशी राहायची वेळ येणार नाही. खोऱ्याच्या वरच्या भागात टिरोली स्वयंपाक. श्लुत्झक्रापफन मागा: पालक आणि ताज्या चीजचं सारण भरलेली अर्धचंद्राकार करंजी, पण तळलेली नव्हे, उकडलेली, वर लोणी. पावाच्या चुऱ्याचे मोठे गोळे असतात, क्न्योडेल. त्यांत पालकाचे आणि चीजचे चालतील. श्पेक शब्द दिसला की थांबा, ते डुकराचं मांस. गोळे पातळ सूपमध्ये देत असतील तर सूप कशाचं ते विचारा, बहुधा हाडांचं असतं. त्याऐवजी लोण्यावर परतलेले मागा. चीजमध्ये जनावराच्या पोटातलं रेनेट असतं, हे ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच ठरवून ठेवावं. पार्मेसान तर त्याशिवाय होतच नाही.

गोडाचा प्रश्न नाही. सफरचंदाचा श्ट्रूडेल आणि कैझरश्मारन. हे दुसरं म्हणजे अंडं घातलेल्या जाड धिरड्याचे तुकडे. अंडं खात नसाल तर नाही. वाटेसाठी श्युटेलब्रोट घ्या. राईच्या पिठाचा कडक, पातळ पाव, महिनाभर टिकतो, आणि शेवेबरोबर इतका चांगला लागतो की तिथल्या लोकांना अजून हे कळलेलं नाही याचं वाईट वाटतं. दक्षिणेकडे त्रेंतोत मक्याचा पोलेंटा. आपल्या माळव्यातल्या मका खाणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल.

पाणी विकत घेऊ नका. प्रत्येक खेड्यात दगडी कुंड आणि सतत वाहणारा नळ असतो. पिण्याचं नसेल तर तशी पाटी लावलेली असते.

माझी स्वतःची चांगली सायकल आहे. ती न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? आईसाठी ई-बाइक नेता येईल का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

ई-बाइक नाही. प्रवासी विमानात 160 वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी चालत नाही, आणि ई-बाइकची बॅटरी त्याच्या तिप्पट-चौपट असते. आईसाठी तिथेच भाड्याने घे. मेरानच्या खोऱ्यात आगगाडीच्या स्टेशनांवर सायकल मिळते. एका स्टेशनवर घ्यायची, दुसऱ्यावर सोडायची. ई-बाइक मात्र आधी सांगून ठेव, त्या लवकर संपतात.

तुझी सायकल आठ दिवसांहून कमी मुदतीसाठी नेऊ नकोस. खोक्यात भरणं, विमानाचं भाडं, मिलान किंवा म्युनिकला ते खोकं कुठे ठेवायचं याची विवंचना, यात मजा जाते. जास्त दिवस असतील तर ने, कारण आपल्या सीटची जागा दुसऱ्या कुठल्याही सीटला येत नाही. त्या वेळी एवढं बघ: पुढचा सर्वांत लहान दातेचक्र मागच्या सर्वांत मोठ्याहून लहान हवं, टायर 35 मिलिमीटर किंवा जाड, कारण काही टप्पे खडीचे आहेत, ब्रेकचे पॅड नवे. इटलीत सूर्यास्तानंतर गावाबाहेर आणि बोगद्यात चमकदार जाकीट घालणं कायद्याने बंधनकारक आहे, तेही घे. वाहनं उजवीकडून चालतात. पहिल्या दिवशी सकाळी रिकाम्या रस्त्यावर हात आपोआप डावीकडे वळतो, तेव्हा आईला पुढे घाल आणि तू मागून ओरडत राहा.

सायकलवाटेवर दोघांनी शेजारी शेजारी चालू नका. तिथले लोक कामावर सायकलने जातात, वेगात येतात, आणि घंटी एकदाच वाजवतात.

बायकोला सायकल नको, मला बस नको. एकत्र जायचं कसं? (एक वाचक, मनोरमागंज, इंदूर)

आमच्या घरात हाच प्रश्न उलटा आहे. आमच्या ह्यांचं म्हणणं, रामबागेतून राजवाड्यापर्यंत चालणं हीच व्यायामाची परिसीमा. फिन्शगाउचं, म्हणजे रेशन ते मेरानचं, खोरं अशा संसारांसाठीच बांधलंय म्हणायला हरकत नाही. मेरान ते माल्स रेल्वेमार्ग 1906 मध्ये सुरू झाला, नव्वदीच्या सुमारास बंद पडला, आणि प्रांताने तो दुरुस्त करून 2005 मध्ये पुन्हा चालू केला. सुमारे साठ किलोमीटर, प्रत्येक मोठ्या गावात थांबा, आणि सायकलवाट जवळजवळ सगळीकडे रुळांच्या आसपास. मी सायकलवर निघते, हे दोन्ही पॅनिअर (कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या) घेऊन गाडीत बसतात, बाकावर पेपर वाचतात आणि मी पोचेपर्यंत त्यांचं दुसरं कपुचिनो संपलेलं असतं. मला रिकाम्या सायकलची चैन, त्यांना घामाविना आल्प्स.

एक बघून घ्या. त्या मार्गाच्या विद्युतीकरणाचं काम हाती घेतलेलं आहे आणि त्यासाठी काही टप्पे बंद ठेवून बदली बस सोडतात. निघण्याआधी त्या मोसमाचं वेळापत्रक पाहा. बदली बसमध्ये सायकल चढेलच असं धरून चालू नका.

आणि तुमच्या सौभाग्यवतींना चालायची आवड असेल तर एक खास गोष्ट आहे. हे खोरं आल्प्समधल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी. काही ठिकाणी वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे इंदूरच्या साधारण निम्मा. म्हणून शेतकऱ्यांनी शतकानुशतकं डोंगराच्या कडेने पाण्याचे पाट खणले, ज्यांना वाल म्हणतात, आणि पाटाची देखरेख करणाऱ्याच्या पायवाटा त्यांच्या बाजूने जातात. जवळजवळ सपाट, सावलीच्या, खाली सगळं खोरं दिसतं. सायकल न चालवणाऱ्याला मी तरी यापेक्षा चांगलं काही सुचवू शकत नाही.

दहा वर्षांची मुलगी बरोबर आहे. तिला झेपेल असं काही? (एक वाचक, ग्वाल्हेर)

तिला आदिजे नको, द्रावा नदी दाखवा. दक्षिण टिरोलमधल्या तोब्लाखहून ऑस्ट्रियातल्या लीन्झपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर, सगळा कल खालच्या दिशेने, बहुतेक वाट गाड्यांपासून वेगळी. वाटेत वेफर बिस्किटांचा कारखाना लागतो, तिथे पोरांसह सगळे थांबतात. लीन्झहून आगगाडीने परत. ऑस्ट्रियात बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे.

व्हिसा कुठल्या देशाचा? (तीन-चार वाचक)

शेंगेन. ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड तिन्ही त्यात. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. या वाटेवर तो बहुधा इटली. प्रौढांना शुल्क 90 युरो, आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा. विम्यात डोंगरातून सुटकेचा खर्च धरलाय का ते वाचून घ्या. मार्टिनाला तासाभरासाठी स्वित्झर्लंडमध्ये शिराल, तेवढ्यात मोबाइलचं युरोपीय संघापुरतं घेतलेलं कार्ड भरमसाट पैसे कापू शकतं. डेटा बंद ठेवा.

आपली रेवामाई दारात असताना परक्या नदीचं एवढं कौतुक कशाला? (एक वाचिका, रामबाग, इंदूर)

तुमचं पत्र वाचून राग आला नाही, पण उत्तर देतेच.

रेशनच्या खिंडीखाली एक मोठं सरोवर आहे आणि त्यात पाण्यातून वर आलेला एक चर्चचा मनोरा. चौदाव्या शतकातला. पोस्टकार्डांवर, बिस्किटाच्या डब्यांवर, सगळीकडे तोच. सायकलवाले तिथे थांबून फोटो काढतात. ते सरोवर नैसर्गिक नाही. विजेसाठी बांध घातला आणि 1950 मध्ये ग्राउन हे अख्खं गाव आणि रेशनचा काही भाग पाण्याखाली गेला. दीडशेहून अधिक घरं पाडली. चर्चही पाडलं, मनोरा तेवढा जुना वारसा म्हणून ठेवला. हिवाळ्यात घंटा ऐकू येतात अशी दंतकथा सांगतात. घंटा तर बुडण्याआधीच उतरवून नेल्या होत्या.

मी तिथे फोटो काढला नाही. मला नर्मदेच्या धरणात बुडालेलं हरसूद दिसत होतं. 2004 च्या उन्हाळ्यात इंदिरा सागर धरणाच्या पाण्यासाठी लोकांनी आपापल्या हातांनी घरांच्या भिंती पाडल्या, विटा ट्रकांत भरल्या, आणि त्यातले कितीतरी इंदुरात आले. आमच्या गल्लीतल्या दुधवाल्याचं घर तिथलं. परिक्रमेच्या जुन्या वाटेचे कितीतरी तुकडे आणि घाट आता पाण्याखाली आहेत, आणि आज परिक्रमावासी वरून वळसा घालून जातात. रेशनच्या काठावर निदान पाटी आहे, आधीचं गाव कसं होतं याची छायाचित्रं आहेत, आणि रोज हजार माणसं थांबून ती वाचतात. हरसूदच्या पाण्याजवळ मी कोणी थांबलेलं बघितलं नाही. परकी नदी बघून आल्यावर मला आपलीच जास्त दिसायला लागली, म्हणून कौतुक. तुम्ही कधी खांडव्याकडे जाणार असाल तर कळवा, बरोबर येईन.

सराव इंदुरात कसा करावा? (बरेच वाचक)

रस्त्यावर, आणि सामान लादून. जिममधल्या सायकलवर घाम येतो, हँडल सावरता येत नाही. पहिला महिना पहाटे बायपासच्या आतल्या रस्त्यांनी वीस-पंचवीस किलोमीटर. मग रालामंडळपर्यंत. मग महूमार्गे जाम दरवाजा, खाली मंडलेश्वर, महेश्वरला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. सिमरोलच्या घाटात जाऊ नका, तिथे ट्रक फार आहेत आणि आल्प्ससाठी त्या घाटात जीव देण्यात अर्थ नाही.

कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना समान वजन बांधा, पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या चालतील. जाम उतरताना ब्रेक धरून ठेवायचे नाहीत. वळणाआधी दोन्ही दाबा, सोडा, पुढच्या वळणाआधी पुन्हा दाबा. सतत धरलेला ब्रेक तापतो आणि ऐन वेळी पकड सोडतो. मालसेर हायडेच्या उतारावर हेच उपयोगी पडेल. महेश्वरला पोचल्यावर सायकल थंड होऊ द्या आणि पॅड किती झिजले ते नखाने चाचपून बघा; मिलिमीटरभर उरले असतील तर इंदूरला परत येईपर्यंत थांबू नका, बदलूनच घाट चढा.